पाण्याला न कळणारी भाषा

माणसं इंग्रजी कशासाठी शिकतात, हे मी आयुष्यभर ऐकत आलोय. त्या विषयाचा मास्तरच आहे मी. कुणाला नोकरी हवी असते, कुणाला पुण्याला जायचं असतं, कुणाला नुसतीच शेजाऱ्यावर छाप पाडायची असते. पण आपलं बोलणं पाण्याला कळू नये म्हणून इंग्रजी शिकलेली बाई सबंध पृथ्वीवर एकच असेल, आणि ती माझी मामी आहे.

मामीचं गाव बोदलकसा तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली. पाळीवर उभं राहिलं की एका बाजूला घरांची कौलं दिसतात आणि दुसऱ्या बाजूला पाणी, आणि पाणी कौलांपेक्षा उंच असतं. नव्या माणसाला ते बघून जरा कसंतरीच होतं. मामा डोंग्यातून, म्हणजे छोट्या होडीतून, मासे धरायचा. एका संध्याकाळी पाळीवर चार माणसांत बसून तो मोठ्यानं म्हणाला, "उद्या त्या काठाले जातो, एकटाच." दुसऱ्या दिवशी डोंगा सापडला, जाळं सापडलं, डोंग्यात नीट शेजारी शेजारी ठेवलेल्या चपला सापडल्या. मामा सापडला नाही. आजतागायत नाही. लोक म्हणाले, तोल गेला असेल. मामीनं सगळं रीतसर केलं आणि पाहुणे गेल्यावर शांतपणे म्हणाली, "त्यानं सांगतलंच कायले? पानी आयकून राहिलं होतं."

तेव्हापासून पाण्यादेखत बेत बोलायचा नाही, हा तिचा नियम झाला. पण तलावाकाठच्या गावात पाण्यापासून लपून बोलणार कुठे? पाण्याला आपली बोली येते, हिंदी येते, काठच्या बायका पोवारी बोलतात तीही येते. गोंडी तर त्याची मायबोली, असं तिचं म्हणणं. उरली इंग्रजी. एका रविवारी ती तिरोड्याला माझ्या दारात उभी राहिली. हातात शिंगाड्यांची पिशवी. आमच्याकडे मामी भाच्याच्या पाया पडते, त्यामुळे गुरू म्हणून तिला वेगळं वाकावं लागलं नाही. मी उत्साहानं 'माय नेम इज'पासून सुरुवात केली. तिनं हात वर केला. "माह्यं नाव पान्याले ठाऊक हाय. गावबी ठाऊक हाय. मले फक्त दोन गोष्टी शिकव. सल्ला इचाराचा कसा, आन सल्ला द्याचा कसा."

दर रविवारी येऊन तेवढंच ती शिकली, पण पुरं शिकली. 'शुड'मधला 'ल' मात्र तिनं शेवटपर्यंत सोडला नाही. "मामी, तो ल बोलायचा नसतो," मी म्हणालो. "मंग लिवला कायले?" याचं उत्तर पुस्तकातही नव्हतं. ती 'शुल्ड'च म्हणत राहिली, असा जड, ओला 'ल' लावून, की जिभेवर शिंगाडा ठेवलाय असं वाटावं. शेजारणीनं माहेरी जाऊ का विचारलं, तर मामी पाळीकडे डोळा ठेवून पुटपुटायची, "यू शुल्ड गो. बट नॉट टेल." कुणाची शेळी आजारी पडली, तर "यू शुल्ड डॉक्टर." सुरुवातीला लोक हसले. मग हळूहळू पाळीवर बसणारे दाढीमिशीवाले गडीसुद्धा 'उद्या' हा शब्द टाळू लागले. 'टुमारो' म्हणायचे, तेही आवाज उतरवून. पाण्याकडे पाठ करून बसलेल्या त्या माणसांची कुजबुज ऐकली की मला हसू यायचं आणि हसताना मानेवर गार हवा लागल्यासारखं व्हायचं.

घरातसुद्धा सूट नव्हती. माठावर झाकण ठेवल्याशिवाय ती बोलायची नाही. माझ्यापुढे पेला ठेवायची आणि म्हणायची, "आधी पी, मंग बोल." एकदा मी गमतीनं म्हणालो, "मामी, प्यायलो तरी ते माझ्या पोटातून ऐकणारच की." ती हसली नाही. माझ्या पोटाकडे बराच वेळ बघत राहिली. त्यानंतर त्या घरात मला चहाच मिळाला. चहातलं पाणी उकळून बहिरं होतं, असा तिनं निकाल दिला होता.

तिचा मुलगा मोरेश्वर गोंदियाला राइस मिलमध्ये हमाली करायचा. तिनंच त्याला पाण्यापासून लांब धाडलं होतं. पण कोंड्याच्या धुळीनं त्याची छाती भरली. खोकला थांबेना. डॉक्टर म्हणाले, हे काम सोडा. थंडीत तो घरी आला तो परत न जाण्यासाठीच. बापाचा पालथा पडलेला डोंगा त्यानं सुलटा केला, भेगा बुजवल्या, डांबर लावलं. मामी रोज ते बघायची. मग मला फोन आला. "कम," एवढंच म्हणून तिनं ठेवला.

मी पोचलो त्या सकाळी धुकं इतकं होतं की तलाव नुसता वासानं कळत होता. मोरेश्वर डोंग्याची दोरी धरून काठावर उभा. मामी माझं मनगट पकडून त्याच्याशेजारी येऊन उभी राहिली. गेल्या कित्येक वर्षांत तिनं मला शेकडो सल्ले विचारले, पण असा आवाज मी ऐकला नव्हता.

"शुल्ड आय सेन्ड?" तिनं विचारलं.

मी तोंड उघडलं. काय म्हणणार होतो, आता आठवत नाही. कारण तेवढ्यात धुक्यातून, फार लांबून नाही, कुणीतरी विचारलं,

"शुल्ड आय कम?"

पुरुषाचा आवाज. चाचरत, एकेक शब्द जुळवत, नवशिक्यासारखा. मोरेश्वर माझ्याशेजारीच होता, ओठ घट्ट मिटलेले. बाकीचे डोंगे काठाला बांधलेले दिसत होते. पक्षी बघायला पाहुणे येतात, त्यांतला कुणी असेल, असं मी स्वतःला नंतर पुष्कळदा सांगितलं. पण पक्षी बघायला येणारे 'शुड' म्हणतात. तो ल फक्त आमच्या मामीचा होता.

मामी ओरडली नाही. तिनं माझं मनगट सोडलं आणि डोक्यावर पदर घेतला, घरात वडीलधारं कुणी आल्यावर घेतात तसा. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "'आराम कर' ले काय म्हनते गा?"

"रेस्ट," मी म्हणालो.

"नो," ती धुक्याकडे बघत म्हणाली, स्पष्ट, मायेनं, थोडं कमी ऐकू येणाऱ्याशी बोलावं तसं. "यू शुल्ड रेस्ट."

वारा अजिबात नव्हता. तरी एक लाट सावकाश आली, आमच्या पायांशी ओली रेघ ठेवून मागे गेली. मामी तिथंच उभी राहिली. मग तिनं मोरेश्वरच्या पाठीवर हात ठेवला आणि त्या काठावर, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आपल्या बोलीत मोठ्यानं म्हणाली, "जा बापा. आन उद्याबी जाजो."

तो गेला. ऊन वर येईपर्यंत आम्ही दोघं काठावरच थांबलो. धुकं फाटलं आणि डोंगा परत येताना दिसला, तेव्हाच मामी काठावरून हलली.

घरी आल्यावर मी विचारलं, "मामी, कोण होतं?"

"कोन राहीन? तुहा मामा."

"मामाला इंग्रजी कुठं येत होती?"

ती चुलीत फुंकर घालत होती. धुरामुळे असेल, डोळे पुसून म्हणाली, "मी रोज बोलून राहिली होती ना पारीवर. आयकून आयकून शिकला असन. दुसरं काय करन तो थंडा पान्यात?" थोडं थांबून म्हणाली, "मले वाटे, कोनी चोरून आयकते. मी त्याच्यापासूनच लपवत राहिली गा. घरच्या गोष्टी, त्याच्याच घरच्या."

त्यानंतर मामी रविवारी तिरोड्याला आली नाही. मोरेश्वर मासे धरतो. खोकला कमी आहे. मी अधूनमधून जातो तेव्हा संध्याकाळी ती पाळीवर असते, पाण्याकडे तोंड करून. धान कसं झालं, कुणाकडे लग्न आहे, शेळीला किती पिल्लं झाली, सगळं साध्या झाडीबोलीत सांगत असते. मी जरा लांबच बसतो. बोलता बोलता ती मध्येच थांबते, कुणी काही म्हणायला लागेल तेवढा वेळ. मग मान हलवते, "होय, तेबी खरं," म्हणते आणि पुढचं सांगू लागते.