ओल्या सारवणावरची मॅच

बोटीवर नेणाऱ्या होडीत मी पाय ठेवला तेव्हा मामंजी, म्हणजे माझे सासरे, मालवणच्या बंदरात माझ्याकडे पाठ करून उभे होते. दसरा नुकताच झाला होता. भात कापायचं होतं, खळं करायचं होतं, आणि घरातली धाकटी सून ऐन कामाच्या दिवसांत मुंबईला निघाली होती. पण त्यांचा खरा राग माझ्यावर नव्हता, मुलाच्या नोकरीवर होता. आदल्या दिवशी जेवताना ते बोलले होते, "चेंडू खेळूक कोण पगार दिता? चार म्हयन्यांत परत येतलास, बघ." सासूबाई माझ्या गाठोड्यात कुळथाचं पीठ आणि कोकमाची सोलं बांधत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. मी तेव्हाच ठरवलं की चार महिन्यांत काही मी परत येणार नाही.

तुमच्यापैकी जे गावातच राहिले त्यांना वाटतं, आम्ही मुंबईच्या मोहापायी गेलो. कसली मुंबई घेऊन बसलात? आम्ही उतरलो ते मुलुंडला. स्वातंत्र्याला पाच-सात वर्षं झाली असतील. मुलुंडची माणसं तेव्हा फोर्टात कामाला निघाली की "मुंबईला जाऊन येतो" असं सांगून निघत. मागे डोंगर, पुढे भाताची खाचरं, मध्ये थोडे बंगले, गुजराती दुकानं आणि ह्यांच्या कंपनीची चाळ. दहा बाय बाराच्या खोलीत मी गाठोडं ठेवलं. खिडकीतून दिसणारी हिरवळ बघून वाटलं, एवढा दर्याप्रवास केला तो काय भातच बघायला?

आमच्या ह्यांचं नाव दत्ताराम. उंची सहा फुटांवर. गावात त्या उंचीचा उपयोग फक्त आंबे काढायला झाला. मला आणण्याआधी एकटे आले होते तेव्हा मुलुंडला कंपनीच्या गेटवर कामासाठी रांगेत उभे असताना ग्रेगरी मास्तरांनी ह्यांना रांगेतून बाहेर काढलं. मास्तर गोराईचे, मिशनऱ्यांच्या शाळेत बास्केटबॉल शिकलेले. कंपनीच्या मोठ्या साहेबाला हौस होती की आपली एक टीम असावी आणि तिने फोर्टातल्या मोठमोठ्या टीमना हरवावं. मास्तरांनी उंच माणसं जमवली, बहुतेक आपली कोकणातलीच. कागदावर सगळे हेल्पर. सकाळी थोडा वेळ मशीन पुसायचं, उरलेला दिवस चेंडू. पगार मात्र पूर्ण मिळे. मामंजींना हे कधीच पटलं नाही आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला मलाही पटलं नव्हतं. चाळीतल्या बायका नळावर विचारायच्या, "काय गं, तुझा नवरा करतो काय?" मी ताठ मानेनं सांगायची, "खेळतो." मग त्या हसायच्या आणि मी हंडा जोरात आपटायची.

टीमचा क्लब म्हणजे होतं काय? खोक्यांच्या फळ्या जोडून केलेले बोर्ड, पिंपाच्या पट्टीची रिंग, आणि रिंगला लावलेलं जाळं गोराईच्या कोळणींनी विणलेलं. मैदान कंपनीच्या भिंतीलगतचं, धुळीचं. तोवर सगळे सामने आमची टीम दुसऱ्यांच्या कोर्टवर जाऊन खेळत होती. मग साहेबानं फर्मान काढलं. या थंडीत एक सामना इथे, मुलुंडात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झाला पाहिजे. नाही झाला तर टीम बंद, आणि टीमसाठी घेतलेली माणसंही बंद. पण त्या धुळीत चेंडू नीट उडत नसे, आणि सिमेंटला तेव्हा परमिट लागायचं आणि ते मिळायला वर्ष गेलं असतं. ह्यांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मी भाकरी थापत होते. माझ्या डोळ्यांसमोर मालवणचं बंदर उभं राहिलं, आणि मामंजींची पाठ.

मी म्हटलं, "अहो, खळं करा की."

हे माझ्याकडे बघतच राहिले. मग हसले, मग गंभीर झाले. ज्यांना आपलं खळं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पाऊस सरला की कोकणात घरापुढचं अंगण खणतात, माती भिजवतात, लाकडी चोपण्याने चोपून चोपून दगडासारखी करतात आणि वर शेणाने सारवतात. त्यावर भात झोडतात. मग चेंडू का उडणार नाही? कामावरून सुटलं की टीम चोपणं घेऊन बसे. पायांनी मैदान तुडवायला चाळीतली पोरंटोरंही येत. शेण तबेल्यातून येई आणि सारवायचं काम अर्थातच आम्हा बायकांचं. पहिल्यांदा चेंडू त्या जमिनीवरून टप्पकन वर आला तेव्हा मास्तरांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

मॅच पौषातल्या एका रविवारी ठरली. फोर्टाकडची नावाजलेली टीम येणार होती. आदल्या दिवशी आम्ही कोर्ट छान सारवलं, ते वाळलंही. पण रविवारी सकाळी मी बघितलं तर त्यावर धूळ बसली होती, पानं पडली होती. पाहुणे दारात येणार आणि अंगण शिळं? माझ्याच्याने बघवेना. मी बायकांना हाका मारल्या आणि दुपारपर्यंत आम्ही अख्खं कोर्ट पुन्हा सारवलं, चांगल्या जाड हाताने. लोक याला अजून चूक म्हणतात. मी म्हणत नाही. पाहुणे येणार म्हटल्यावर जिने घर सारवलं नसेल तिने खुशाल मला नावं ठेवावीत.

थंडीचं ऊन ते. भिंतीच्या सावलीतली अर्धी बाजू चार वाजले तरी ओलीच. मुलुंडातलं एकूण एक माणूस मैदानाभोवती जमलं होतं, साहेब खुर्चीत होता. फोर्टाची टीम पांढऱ्या बुटांनी कोर्टवर उतरली. त्यांचा कॅप्टन घसरला, सावरला आणि आपल्या माणसांना म्हणाला, "हा काय तबेला आहे काय यार?" सगळे हसले. पण ते उतरले तरी. आमची टीम मात्र काठावर उभी. कोणी पुढे पाऊल टाकेना.

मास्तर ओरडले, "अरे, उतरा ना. काय झालं तुम्हाला?"

ह्यांनी खाली बघत सांगितलं, "मास्तर, ओलं आहे."

"मग? ते नाही उतरले?"

मास्तरांना कळेना, मला मात्र लख्ख कळलं. "ओल्या सारवणार पाय दिऊ नको" हे ऐकत आपण सगळे वाढलो. माझ्या आईनं त्यापायी मला फटके दिलेत, ह्यांच्या आईनं ह्यांना. सात-आठ धिप्पाड पुरुष, शत्रू समोर, नोकरी पणाला लागलेली, आणि एकाचाही पाय उचलेना. बायकांनी सकाळपासून वाकून केलेलं काम मोडायचं कसं? अंपायरनं घड्याळ बघितलं. पाच मिनिटांत टीम कोर्टवर आली नाही तर सामना पाहुण्यांचा, असं त्यानं जाहीर केलं. साहेब खुर्चीतून उठला.

मग मी काय केलं ते नीट ऐका, कारण ही गोष्ट गावात वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितली जाते. मी पदर खोचला आणि सरळ ओल्या सारवणावरून चालत निघाले. पाय रुतत होते, मागे पावलं उमटत होती, लोक बघत होते. सासरच्या माणसांसमोर जिचा आवाज कधी निघाला नाही ती मी, कोर्टाच्या मधोमध उभी राहिले आणि ह्यांना म्हटलं, "सारवलं मी, मोडलं मी. आता या."

हे वाकले आणि त्यांनी बूट काढले. सगळ्यांनी काढले. आणि अनवाणी आले. ओल्या शेणमातीवर कसं चालायचं हे आपल्या पायांना शिकवावं लागत नाही. बोटं रोवून ते धावत होते आणि पांढऱ्या बुटांची टीम माशासारखी घसरत होती. कपडे हिरवे झाले, चेंडू हिरवा झाला, तबेला म्हणणारा कॅप्टन दोनदा बसला.

आम्ही हरलो. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण गावात काहीजण जिंकलो म्हणून सांगतात. शेवटी शेवटी ऊन सावलीतल्या बाजूवर सरकलं, जमीन सुकली, आणि त्यांना खेळ आमच्यापेक्षा चांगला येत होता. पण सामना मुलुंडात झाला, पूर्ण झाला, आणि निम्मं मुलुंड घसा बसेपर्यंत ओरडलं. साहेबाला तेच हवं होतं. टीम राहिली. पुढे साहेब बदलला तेव्हा कंपनीने टीम मोडली, पण तोवर आमची माणसं मशीनवर पक्की झाली होती. क्लब आम्ही मोडू दिला नाही. वर्गणी काढली, जागेसाठी भांडलो, आणि सिमेंट येईपर्यंत दर थंडीत चोपलं आणि सारवलं. आज तिथं मुली खेळतात, दिव्यांच्या उजेडात. त्यांना खळं म्हणजे काय ते सांगावं लागतं. काहींना शेणाचा वास सांगितला तर त्या नाक मुरडतात. मुरडू देत.

मामंजी त्या वर्षी वैशाखात आले, आम्हाला न्यायला. चार महिने कधीच उलटून गेले होते. खोलीत बसल्या बसल्या पानाला चुना लावत त्यांनी विचारलं, "झाला न्हय चेंडू खेळान? घराक कधी येतलास?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "मामानू, घराकच आसंव." आम्ही घरीच आहोत.

त्यांना लागलं, मला दिसलं. मलाही लागलं. त्या माणसावर माझी माया होती, आणि मायेच्या माणसाला असं बोलून कोणाला बरं वाटतं? पण मी शब्द मागे घेतला नाही. त्यांनी चहा प्यायला, आणि आमच्या परतण्याचा विषय पुन्हा काढला नाही. चार दिवसांनी ते एकटेच बोटीत बसले.

जे निघाले, त्यांना माहीत आहे की हे बोलायला किती जड जातं. जे राहिले, त्यांनी रागावू नये, किंवा रागावावं, माझी हरकत नाही. नव्या ओळखीत कुणी विचारतं, "तुमचं गाव कोणतं हो, आजी?" मी सांगते, मुलुंड. लोक हसतात, म्हणतात, तसं नाही, मूळ गाव. मी पुन्हा सांगते, मुलुंड.