मामाजींनी विमानातली घंटा बंद केली

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार गोवर्धनमामाजींचे आहेत आणि त्यांची फेड म्हणून मी त्यांना हिंदी महासागरावर नेलं.

मामाजी म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. खापरखेड्याच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये त्यांनी बत्तीस वर्षं काढली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. आणि त्या पायरीपर्यंत मला सायकलवर बसवून नेलं ते मामाजींनी. म्हणून त्यांच्या लेकीचा, प्रज्ञाचा मेलबर्नहून फोन आला, "दादा, बाळ तीन महिन्यांचं झालं. बाबा अजून फोनवरच पाहून राहिले त्याले. तू घेऊन येच!" तेव्हा मी लगेच हो म्हटलं. मामाजी मात्र हटून बसले.

"मी येत नाई गा! मोटार बंद पडली त रोडच्या कडेले लावता येते. समुद्रात कडेले कुठं लावतीन?"

मी पदवीधर! आठ दिवस वाचन केलं आणि त्यांना हुडकेश्वरच्या माझ्या घरी बोलावून समजावलं.

"मामाजी, एक इंजिन बंद पडलं तरी दुसऱ्यावर विमान कित्येक तास उडते. तेवढ्या वेळात कोणत्या विमानतळावर उतरायचं, हे निघायच्या आधीच ठरलेलं राहते."

"म्हणजे स्टँडबाय आहे?" मामाजींचे डोळे चमकले.

"आहे न! विमान म्हणजे तुमची कंट्रोल रूमच समजा."

हे शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं.

दिल्लीहून भर दुपारी निघालो. (सकाळी नागपूरहून दिल्लीला गेलो आणि दुपारी पडद्यावरच्या नकाशात पाहतो, तर पुन्हा नागपूरच्याच बाजूनं चाललेलो! तिथेच उतरावंसं वाटलं.) मग जमीन संपली. पडद्यावर नुसता निळा रंग आणि त्यात एक इवलंसं विमान. तो आधीच ठरलेला विमानतळ काही मला त्या निळ्यात सापडेना. मी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात 'टिंग' झालं आणि पट्टे बांधायचा दिवा लागला.

आता कंट्रोल रूमचा नियम असा की घंटा वाजून दिवा लागला की ऑपरेटरनं आधी बटण दाबायचं. म्हणजे 'मी पाहिलं.' घंटा थांबते, मग बिघाड शोधायचा. मामाजींनी हाताजवळचं बटण दाबलं. ते निघालं एअर होस्टेसला बोलावण्याचं! टिंग! आणखी एक दिवा! मामाजींनी पुन्हा दाबलं, दिवा विझला. एवढ्या घंटा ऐकून पुढच्या रांगेतल्या आजीबाईंनी घाबरून आपलं बटण दाबलं. टिंग! मामाजी तयारच होते. मग मागच्या रांगेतून टिंग! (हे सगळं मला नंतर कळलं.)

मी एक डोळा उघडला. दोन एअर होस्टेस लगबगीनं आमच्याकडे येत होत्या. एक इंजिन गेलं, बहुतेक स्टँडबायही गेलं! मी सीटखालचं जॅकेट ओढलं, गळ्यात घातलं आणि दोरी खेचली. फुस्सss! माझी हनुवटी थेट छताकडे!

"सर, ये क्या कर लिया आपने?"

उत्तर मामाजींनी दिलं. "मॅडम, घाबरू नका. घंटा मी पाहून राहिलो. हा माझा भाचा आहे. खूप शिकेल आहे."

"अंकल, सिर्फ हवा के झटके हैं!"

"अस्सं?" मामाजींनी बटणावरचं बोट काढलं आणि पाच मिनिटांत घोरायला लागले. मी मात्र उरलेला सारा प्रवास खुर्चीचे दोन्ही हात धरून विमान वर उचलून ठेवलं.

मेलबर्नला मामाजींनी नातवाला मांडीवर घेतलं आणि आजोबा म्हणून त्याला पहिली गोष्ट सांगितली, ती माझीच! माझी रजा संपली आणि मी एकटाच परत आलो. (कसा, ते विचारू नका.) परवा प्रज्ञाचा निरोप आला: बाबांना न्यायला दादालाच पाठवा. मी त्याच दिवशी मामाजींना पत्र टाकलं:

"तीर्थस्वरूप मामाजी, सविनय जयभीम. बाळाला गोड पापा. तुम्हाला आणायला मी यावं, असं प्रज्ञा म्हणते. तुमच्यासाठी मी एका पायावर तयार आहे. फक्त मला तिकडे न्यायला आधी तुम्ही या."