आमच्या मुली त्या मैदानावर नाचल्या नाहीत

गोंदिया जिल्ह्यात केशोरीच्या बाजूला एका आश्रमशाळेत मी खेळ शिकवते. आमच्याकडे फुटबॉलचं मैदान नाही. धान कापून झालं की शाळेमागच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतातच, मुली खेळतात. धसकटं टोचतात, बॉल कुठेही उसळतो, गोलला दोन बांबू रोवलेले. तरीही आमच्या मुली जिल्ह्यात पहिल्या आल्या. म्हणूनच आम्हाला बोलावणं आलंय, असं मी समजून चालले होते.

राज्याच्या दुसऱ्या टोकाला आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलेलं एक नवं स्टेडियम आहे. तिथे मुलींचे सामने होते. त्यातल्या एका सामन्याआधी ग्रामीण मुलींना थोडा वेळ त्याच मैदानावर खेळू देणार, असा मुख्याध्यापकांना फोन आला. महिनाभर मुलींनी सकाळ-संध्याकाळ सराव केला. आमची कॅप्टन डावखुरी, बोलायला कंजूष. तिचे आईवडील तेंदूपत्त्याच्या हंगामात जंगलात असतात, एरवी दुसऱ्याच्या धानाच्या शेतात. गोंदियाच्या स्टेशनवर तिची आई सोडायला आली होती. "मॅडम, पोरगी टीव्हीत दिसन का?" तिने विचारलं. मी म्हटलं, दिसेल की, खेळताना दिसेल.

स्टेडियममध्ये शिरलो तेव्हा मुली दाराशीच थबकल्या. वर छप्पर, चारी बाजूंनी खुर्च्यांच्या रांगा, आणि मधोमध ते गवत. इतकं सारखं कापलेलं की एकीने वाकून हात लावून पाहिलं, खरं आहे का म्हणून. लगेच सुरक्षारक्षक धावत आला. गवताला हात लावायचा नाही.

मग गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक माणूस आला आणि आम्हाला आतल्या एका खोलीत घेऊन गेला. तिथे पिशव्या ठेवल्या होत्या. पिशव्यांत रंगीत पिसांच्या टोप्या, पानांचे छापील घागरे, प्लास्टिकच्या कवड्यांच्या माळा. मला वाटलं, चुकून दुसऱ्यांच्या खोलीत आलो. तो म्हणाला, नाही, हे तुमचंच आहे. खेळण्याचं रद्द झालंय, सामन्याआधी गवत खराब करता येत नाही. मुलींनी मैदानाच्या कडेने नाचत एक फेरी मारायची. मी म्हटलं, या खेळाडू आहेत. तो हसला. म्हणाला, मॅडम, जंगलातल्या मुली आहेत ना, नाच तर रक्तातच असतो.

माझं डोकं सणकलं. मी बरंच बोलले, आवाज चढवून बोलले. त्याने शांतपणे घड्याळ पाहिलं. त्याच्यासाठी मी एक उशीर होते, एवढंच.

तेवढ्यात कॅप्टन उठली. तिने एक टोपी उचलून उलटसुलट पाहिली आणि त्याच्यासमोर ठेवली.

"आमच्यात असं कोणी घालत नाही," ती म्हणाली. "रेला नाच आमाले येते. लग्नात नाचतो, सणाले नाचतो. इथं आमी खेळाले आलो."

बाकीच्या मुलींनीही पिशव्या सरकवल्या. माणसाने खांदे उडवले, वॉकीटॉकीवर कोणाशी तरी बोलला, आणि आमचे पास काढून घेतले. नाचायचं नाही तर आत बसायचंही नाही. आम्ही बाहेर आलो. सामना सुरू झाला तेव्हा आम्ही फाटकासमोरच्या फुटपाथवर डबे उघडून बसलो होतो. आतून गर्जना यायची आणि मुली अंदाज बांधायच्या, गोल झाला की चुकला. बॉल काढून पार्किंगच्या मोकळ्या जागेत खेळायला लागल्या, तर तिथूनही हाकललं.

परत आलो. मला वाटलं, झालं ते झालं. पण दोन दिवसांनी शाळेच्या फलकावर वर्तमानपत्राचं कात्रण दिसलं. पिसांच्या टोप्या घातलेल्या मुली हसत नाचताहेत. खाली आमच्या शाळेचं नाव देऊन लिहिलं होतं, गोंदिया जिल्ह्यातील आदिवासी मुलींनी प्रेक्षकांची मने जिंकली. त्यात आमची एकही मुलगी नव्हती. तिथल्याच कुठल्या तरी मुलींना काळं-सावळं रंगवून ते कपडे घातले होते.

मी कात्रण घेऊन मुख्याध्यापकांकडे गेले. सांगितलं, या आपल्या मुली नाहीत. त्यांना माहीत होतं. "जाऊ द्या ना मॅडम," ते म्हणाले, "शाळेचं नाव तर झालं." मी ते कात्रण त्यांच्या टेबलावरच फाडलं. दुसऱ्या दिवशी फलकावर त्याच बातमीचं दुसरं कात्रण होतं, या वेळी काचेच्या आत, कुलूप लावून.

कॅप्टनची आई केशोरीच्या बाजारात भेटली. कोणीतरी तिला पेपर दाखवला होता. फोटोत तिने लेक शोधली, सापडली नाही. काऊन नाही, म्हणून मला विचारलं. रस्त्यात उभी राहून मी सगळं सांगितलं. तिने ऐकलं, पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "चांगलं केलं पोरीनं," म्हणाली, आणि एसटी लागली होती म्हणून घाईने निघाली.

परवा स्टेडियमच्या त्याच लोकांचा पुन्हा फोन आला. नवी स्पर्धा आहे, त्याच मुली पाठवा, मागचा नाच फार आवडला होता. मुख्याध्यापकांनी फोन माझ्याकडे दिला. मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. खिडकीतून बांधी दिसत होती. चिखल वाळला नव्हता, तरी मुली बांबू रोवत होत्या.