मिरगाचे कोपरे राहिले

फोन आला तेव्हा दुर्बीण चालू होती. शिमगा तोंडावर आला होता, नुकता अंधार पडला होता आणि मी अंगणात खाटेवर बसून तिच्याकडे पाहत होतो. दुपारी सुजाताला, माझ्या पोरीला, श्वास पुरेना म्हणून सुटीवर नागपूरहून आलेल्या विनोदनं, माझ्या पोरानं, तिला गाडीत घालून भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं होतं. मीही निघालो होतो, चपला पायात होत्या. पण गाडीत बसता बसता ती म्हणाली, ‘‘बाबा, तुमी कायले येता? आज आभाळ साफ आहे. अंधार पडला का झाकण काढून ठेवजा. मी तिथूनच लावते.’’ मी झाकण काढलं. थोड्या वेळानं दुर्बीण आपोआप वळायला लागली. भंडाऱ्याच्या दवाखान्यात पडल्या पडल्या माझी पोरगी आमच्या करडी गावच्या अंगणातलं यंत्र मोबाईलवरून फिरवून राहिली होती. ते आभाळातल्या मिरगावर जाऊन थांबलं आणि माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, बोटं चालून राहिली म्हणजे पोरगी ठीक आहे... मग फोन वाजला. विनोद नुसता रडला. मी फोन खाटेवर ठेवला आणि समोर पाहिलं. दुर्बीण मिरगाच्या मागं मागं हळूहळू सरकतच होती. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

मी चौथी शिकलेला माणूस आहे. मराठी वाचतो, सावकाश लिहितो, इंग्रजी अक्षर ओळखत नाही. विनोद म्हणाला, सुजातावर पेपरात मी लिहून देतो तुमच्या नावानं. मी म्हटलं, गरज नाही. पेपरच्या पुरवणीत मोठ्या माणसांवर लिहून येते, हे मला माहीत आहे. सुजाता मोठी नव्हती. विजेच्या उपकेंद्रात ऑपरेटर होती. पॅनलसमोर बसून दूरदूरच्या गावांची लाईन चालू-बंद करायची. लग्न तिनं केलं नाही, तो तिचा प्रश्न. माय तिची ती सातवीत असतानाच गेली. पुढं विनोद नोकरीपायी नागपूरला गेला, तेव्हापासून घरात आम्ही दोघं आणि आमची भांडणं.

बिमारी फुफ्फुसाची होती. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं, फुफ्फुस कडक होत जाईल आणि झालेलं परत नरम होणार नाही. नोकरी सुटली. घरात ऑक्सिजनची मशीन आली, नाकात नळी आली. नळी एका मापाची होती. त्याहून लांब जोडली तर मशीनचा जोर पुरत नाही. म्हणून सुजाता खोलीतून निघून, ओसरी ओलांडून उंबरठ्यापर्यंत यायची आणि तिथं थांबायची. पुढचं अंगण तिच्यासाठी संपलं. त्याच वर्षी तिनं ही दुर्बीण मागवली. मला वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. मी म्हटलं, ‘‘आभाळ पाहाचं अन् तेही घरात बसून? मंग टीव्हीच पाह नं!’’ ती हसली. हसली की तिला धाप लागायची. ती ओसरेपर्यंत थांबली आणि म्हणाली, ‘‘बाबा, तुमी शेतातली मोटर घरून मोबाईलनं चालू करता. तवा धान ओलं होते का नाही?’’ मी म्हटलं, मोटर वेगळी.

दुर्बिणीला डोळा लावायची जागाच नव्हती, तिथं कॅमेरा होता. खाली तीन पायांचा स्टँड, त्याच्यावर फिरणारी मोटर, बाजूला एक डबी. ती डबी घरातल्या वायफायशी बोलायची आणि आत खाटेवर सुजाताच्या हातातल्या टॅबवर फोटो दिसायचा. गावात चर्चा सुरू झाली. कोणी म्हणे बोअरचं पाणी पाहायची मशीन आहे, कोणी म्हणे कॅमेरा बसवला. शेजारच्या कौसल्याबाई तर भांडायलाच आल्या. ‘‘तुमच्या पोट्टीची तोफ आमच्या न्हाणीकडे काहून वळते, भाऊ?’’ सुजाता उंबरठ्यातून म्हणाली, ‘‘काकू, तिले एवढ्या जवळचं दिसतच नाही. तुमी चंद्रावर आंघोळ करा, मंग काळजी करजा.’’ कौसल्याबाई हसत हसत गेल्या आणि दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी आंबील घेऊन आल्या.

अडचण जमिनीची होती. आमचं अंगण शेणामातीचं. स्टँडचे पाय रुतायचे, दर सारवणाला जमीन थोडी बदलायची, आणि फोटोतले तारे टिंबासारखे न येता रेघांसारखे लांब यायचे. मग मी तीन चपटे गोटे आणले, गळ्यापर्यंत जमिनीत गाडले, धुम्मसानं ठोकून पक्के केले आणि तिन्ही पाय त्यांच्यावर ठेवले. तिथून पुढं यंत्र ध्रुवताऱ्याच्या तोंडी बसवायचं काम. अंगणात मी, आत ती. ती टॅबवर पाहून खिडकीतून सांगायची, मी स्क्रू फिरवायचो. ‘‘उजवा अर्धा आटा... आणखी... बस, बस! जास्त झालं. नांगराचा बोल्ट नाही होय तो, बाबा.’’ मी चिडून म्हणायचो, ‘‘मंग तूच ये नं बाहेर!’’ तोंडातून निघून जायचं. मग आतून हळूच आवाज यायचा, ‘‘पाव आटा मागं घ्या.’’ असं बऱ्याच संध्याकाळी चाललं. शेवटी एकदा तारे गोल आले. तिनं टॅब उंबरठ्यापर्यंत आणून मला दाखवला. मी म्हटलं, बरं आहे. ती म्हणाली, ‘‘एवढंच?’’ मला बोलता येत नाही तसं.

मिरगात आम्ही रोपांसाठी धानाचे पऱ्हे टाकतो. मिरग म्हणजे माझ्यासाठी कामाचा दिवस. आभाळातलं तिकांडं, ते एका रेषेतले तीन तारे, लहानपणापासून ओळखतो. हिवाळ्यात रात्री शेतात जागलीवर असताना त्यांच्यावरून वेळ समजायची. पण ते तिकांडं त्याच मिरगाच्या पोटातलं आहे, हे मला म्हातारपणी पोरीनं सांगितलं. आणि आपण पऱ्हे टाकतो तेव्हा तो मिरग दिवसा सूर्यासोबत असतो, दिसतच नाही, हेही. तिकांड्याच्या खाली एक धुरकट ठिपका आहे. तिनं तोच धरला. दिवाळीपासून रोज, मळणीची धूळ नसेल, ढग नसेल, तर रात्री तोच. फोटोचा मधला भाग लवकर उजळला, पांढरा, भोवती लाल, जसं डाळिंबाचं फूल. मला वाटलं झालं. ती म्हणाली, ‘‘कुठी झालं? बांधीत पाणी सोडलं का मधात पयले दिसते. कोपरे शेवटी भरतात. याचे कोपरे राहिले, बाबा. आजचा उजेड कालच्यावर चढवत जाऊ, मंग भरन.’’ बांधीचं, धानाच्या खाचराचं म्हटल्यावर मला समजलं. मग मीच घाई करायला लागलो. अंधार पडायच्या आधीच झाकण काढायला उभा. ती म्हणायची, ‘‘सूर्याले तं जाऊ द्या!’’ फाल्गुन लागला आणि तिची तब्येत उतरत गेली. मिरगही रोज पश्चिमेकडं उतरत होता. तिला दोन्ही माहीत होतं. ‘‘उन्हाळा लागेपर्यंत पुरा झाला पाहिजे,’’ असं ती फोटोबद्दल म्हणायची.

तिला पोहोचवून स्मशानातून आलो त्या दिवसाचं लिहितो. ज्या घरचं माणूस जाते त्या घरची चूल त्या दिवशी पेटत नाही, शेजारी बाहेर अंगणातच चहा-भात करतात. कौसल्याबाईंनी आणि बायांनी सगळं हातात घेतलं होतं. लोकांना बसायला जागा पाहिजे म्हणून पोरांनी दुर्बीण उचलून गोठ्यात ठेवली होती. खाली राहिले तीन चपटे गोटे. अंगणात तीन गोटे दिसले तर आमच्याकडची बाई काय समजेल? चूलच. बायांनी ते उपटले, जवळ सरकवले, मधात काड्या घातल्या आणि वर चहाचं गंज ठेवलं. गोट्यांचे खड्डे बुजवून अंगण सारवून घेतलं, मयत निघालेल्या घरी सारवतात तसं. मी फाटकातून आत आलो तेव्हा चहा उकळत होता. मी गंज उलटं केलं. विस्तवातून गोटे हातानं ओढले. कौसल्याबाई धावल्या, ‘‘अजी भाऊ, गोटेच तं होत! दुसरे आणून देऊ नं!’’ मागून कोणी म्हणालं, बुढ्याले धक्का बसला, पाणी पाजा. मी म्हटलं, ‘‘मले पाणी नको. कोणता गोटा कुठचा होता, तेवढं सांगा.’’ पांढऱ्या कपड्यातली एवढी माणसं बसली होती, कोणालाच सांगता आलं नाही. मी विळ्यानं सारवण खरवडत बसलो. ओल्या जमिनीत जुना खड्डा कुठचा अन् नवी माती कुठची, काही समजेना... विनोदनं मागून धरून उठवलं.

त्यानंतरचे दिवस लोक येत राहिले. जो तो आभाळाकडे बोट करायचा. सुजा तारा झाली, आता पाहा तिला रोज तुमच्या दुर्बिणीतून. कौसल्याबाईही म्हणाल्या, मनापासून म्हणाल्या. मला ते चालत नाही. सातवीतल्या सुजालाही लोकांनी असंच सांगितलं होतं, की माय तारा झाली. ती रोज अंगणात उभी राहून शोधायची. मोठी झाल्यावर एकदा मला म्हणाली, ‘‘बाबा, मी माय बहुत शोधली. मंग समजलं का हे सगळे तारे मायच्या पयलेपासूनच आहेत.’’ ज्या पोरीनं हे सांगितलं तिलाच मी तारा म्हणू? मला आभाळात कोणी दिसत नाही. दिसावं असं किती वाटते, ते माझं मला माहीत.

पण फोटो होता. मिरग अजून वर होता. तिच्या नावानं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि मी विनोदला म्हटलं, चल, कोपरे भरू. गोटे अंदाजानं गाडले, दुर्बीण चढवली. तो आत टॅब घेऊन बसला, मी बाहेर स्क्रूवर हात ठेवून उभा. काही वेळानं तो खिडकीतून म्हणाला, ‘‘बाबा, किती आटे?’’ मी म्हटलं, ‘‘मले काय विचारतं? आत बसणाऱ्यानं सांगाचं असते.’’ ‘‘मले समजत नाही यातलं!’’ ‘‘मंग तिथं बसला काहून?’’ तो टॅब ठेवून ओसरीत येऊन बसला. दोघंही रडलो, वेगवेगळ्या दिशांना तोंड करून. त्याला नोकरीवर परत जायचं होतं. म्हणाला, नागपूरले चला माझ्यासोबत. मी नाही म्हटलं. मग त्यानं तिथला एक जाणकार माणूस शोधला. तो फोनवर म्हणाला, बाबाजी, मी येतो, एका संध्याकाळी बसवून देतो, ताईंचा फोटोही पुरा करून देतो. चांगला माणूस वाटला. त्यालाही मी नाही म्हटलं. सुजाताच्या खाटेवर बसून परका माणूस बटणं दाबेल आणि मी त्याच्या शब्दावर आटे फिरवीन, हे माझ्याच्यानं होणार नाही. विनोद रागावला. ‘‘हट्टापायी तिचा फोटो राहीन, बाबा.’’ रागावू द्या. मी आजही नाहीच म्हणतो.

एकट्यानं करायला लागलो. कोणतं चित्र दाबायचं एवढं मी तिच्याजवळ बसून पाहिलं होतं. आत जाऊन दाबायचं, बाहेर येऊन स्क्रू फिरवायचा, परत आत जाऊन पाहायचं, परत बाहेर. दोघांत जे बोलता बोलता व्हायचं त्याला माझ्या गुडघ्यांपायी अख्खी संध्याकाळ लागायची, तोवर मिरग शेजारच्या चिंचेमागं. चैत्रात लोक मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, त्याचा धूर आठ-आठ दिवस आभाळ झाकायचा. मग वादळ, गारा. आणि रोज मिरग जरा जरा खाली. शेतात उन्हाळी धानाला पाणी सोडताना मी डोकं वर करून आभाळच पाहायचो, बांधी फुटून जायची तरी ध्यान नसायचं. एकदा, एकदाच, आभाळ साफ होतं आणि फोटो आला. तारे धानाच्या दाण्यासारखे लांब. टॅबवर दोन खुणा येतात: हिरवी दाबली की आजचा उजेड तिच्या फोटोवर चढतो, लाल दाबली की जातो. मी बराच वेळ दोन्हीकडे पाहत बसलो. हिरवी दाबली असती तर काही का होईना, कोपऱ्यात पडलं असतं. मी लाल दाबली. तिच्या भरत आलेल्या बांधीत मी गढूळ पाणी सोडणार नाही.

आता मिरग सूर्यासोबतच बुडते. लवकरच पऱ्ह्यांची तयारी करावी लागेल. दिवाळीनंतर तो संध्याकाळी परत वर येईल, हे मला माहीत आहे. त्याच्या येण्यानं आतून आवाज येणार नाही, हेही. तरी परवा अंधार पडल्यावर झाकण काढलं, तिच्या खोलीत आलो, खाटेवर बसलो. ऑक्सिजनची मशीन परत गेली. ती रात्रंदिवस घरघरायची, म्हणून अंगणातल्या मोटरचा बारीक आवाज घरात येतो, हे आम्हाला कधी कळलंच नव्हतं. आता येतो. मी मिरगाचं चित्र दाबलं. मोटर बोलली. खिडकीतून दिसत होतं, दुर्बीण पश्चिमेला वळली, चिंचेपर्यंत उतरली, कुंपणापर्यंत उतरली, त्याच्याही खाली गेली आणि जमिनीकडं तोंड करून थांबली. मिरग तिथंच असेल, मातीच्या पलीकडं; यंत्राला ते माहीत होतं. टॅबवर लाल इंग्रजी अक्षरं आली. विनोदला फोन करून मी त्यांचा अर्थ विचारला नाही. बाहेर गेलो, झाकण लावलं, वर कापड टाकलं. तोंड सरळ केलं नाही. तशीच आहे अजून, खाली पाहत.