तवाल्याखालच्या नेवऱ्या

त्या नेवऱ्या चरबीत तळलेल्या नव्हत्या. आमच्याच चुलीवर, आमच्याच कढईत, खोबरेलात, माझ्या आईनं त्या करंज्या तळल्या होत्या. हे मला ठाऊक होतं. तरीही मी गोव्यातल्या कोरगावच्या आमच्या तिठ्यावर उभा राहून नेमकं उलट सांगितलं. पुढं जे झालं त्याला दुसरा कुणीही जबाबदार नाही.

आमच्या वाड्यावर ख्रिस्ती घर एकच. तिथं राहणारी बाई आईच्याच वयाची. तिचा नवरा बोटीवर होता, तो तिकडंच कुठल्यातरी बंदरात वारला. एकुलती मुलगी लग्न होऊन बारदेश तालुक्यात गेली. मग ते घर, पुढं बसायला पायऱ्यांचा बाल्कांव, मागं डुकरांची खोपी आणि ती एकटी. मी तिला मावशी म्हणायचो.

चतुर्थीला आणि दिवाळीला वाड्यावरच्या प्रत्येक घरातून तिच्याकडं ताट जायचं. नाताळात तिनं उलट ताट धाडायचं. पण तिच्या चुलीवरचं आमच्या म्हाताऱ्यांना चालत नसे. हे तिच्या तोंडावर कुणी कधी बोललं नाही. माझ्या जन्माआधीच आईनं आणि मावशीनं मिळून त्यावर तोडगा काढला होता. नाताळाच्या आठवड्यात ती रवा, साखर, सुकं खोबरं, काजू, वेलची घेऊन आमच्या मागच्या दारी यायची. आई नेवऱ्या करायची. मावशी उंबऱ्याबाहेर पाटावर बसून वेलची कुटायची, काजूचे तुकडे करायची. आत यायची नाही. आईही तिला आत बोलवायची नाही. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. तिला काय वाटत होतं हे मी कधी विचारलं नाही.

बाहेरून तिचं तोंड मात्र सतत चालू असायचं.

"काजू कमी दिसतत गो. घरच्या डब्यात गेले काय?"

"तू पयली तुझी नजर काढ माझ्या डब्यावरसून."

"नजर नाय लायली तर तू माका काजवाचो वास तेवढो खावक घालशीत."

तयार नेवऱ्या टोपलीतून तिच्या घरी जायच्या आणि नाताळाच्या सकाळी, चर्चमधल्या मीसाहून आल्यावर, ताटांतून परत निघायच्या. वर झाकायला विणलेला पांढरा तवालो. आमच्याकडं ती सगळ्यांत शेवटी यायची, कारण आमच्याकडं बसायचं असायचं. आई तवालो बाजूला सारून एक नेवरी उचलायची, खायची, आणि आयुष्यात पहिल्यांदाच चव घेतल्यासारखी म्हणायची, "बऱ्यो जाल्यो हां." त्यावर मावशी अगदी गंभीरपणे म्हणायची, "आवडल्यो मगे तुका?" दोघींपैकी एकीलाही हसू फुटत नसे.

वाड्यावरच्या बाकी बायका नेवरीची कड कातणानं कापायच्या. आई हातानं मुरड घालायची, बारीक, घट्ट, वेणीसारखी. ताटातली एक नेवरी पाहिली तरी कुठलीही बाई सांगू शकली असती की हा हात कुणाचा.

मी तेव्हा डिचोलीत एका खाणमालकाच्या कचेरीत कारकून होतो. वडील लहानपणीच गेलेले, घरात आई आणि मी. राजभाषेचा वाद पेटला होता. मराठी की कोंकणी, यावरून रस्ते अडवले जात होते, बसगाड्यांवर दगड पडत होते, आणि ख्रिस्ती माणूस दिसला की तो समोरच्या, कोंकणीच्या बाजूचा हे आम्ही धरूनच चालत होतो. मी मराठीच्या सभांना जायचो, घसा बसेपर्यंत ओरडायचो. मावशीला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती पेडण्याच्या बाजारात, आमच्या अंगणात आणि स्वतःच्या डुकरांशी जी भाषा बोलायची तीच माझी आई बोलायची. हे मला दिसत नव्हतं असं नाही. मी ते पाहायचं टाळत होतो.

नाताळाच्या आदल्या दिवशी मी रजेवर घरी आलो. तिठ्यावरच्या दुकानापाशी वाड्यावरचे पोरगे उभे होते, माझ्याच वयाचे. मला पाहताच आईवरून चिडवायला त्यांना ऊत आला.

"काय रे मराठीवाल्या, आवस नाताळाची तयारी करता मा?"

"ह्याची आवस म्हणजे तेंची आचारीण."

"कालच्या दिसा घोषणा आणि फाल्याच्या दिसा नेवऱ्यो. बरा आसा मेल्याचा."

दुकानदारसुद्धा हसला. काही न बोलता तिथून निघून जाण्याची हिंमत मला नव्हती. मी म्हणालो, "यंदा आमच्याकडे केल्यो नाय. आवशीन सरळ नाय म्हणान सांगल्यान. तिना आपल्याच घरात केल्यान. डुकराच्या चरबीत."

कुणी मला तसं बोलायला लावलं नव्हतं. चरबीचं तर माझ्या मनातही नव्हतं. पण तो शब्द तोंडातून गेल्याबरोबर सगळे गप्प झाले, आणि एकानं माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला आवडली.

संध्याकाळपर्यंत ही गजाल विहिरीवर पोचली. आई भरलेली घागर तशीच अंगणात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली.

"तिठ्यार काय सांगलंस तू?"

मी सांगितलं.

"परत घे."

"आता?"

"आता. चलत जा आणि सगळ्यांका सांग, मी फट बोललंय, खोटा सांगलंय म्हणान."

मी तिला जे म्हणालो ते शब्द मला अजून पाठ आहेत. "तू तोंड उघडलंस तर मी डिचोलीतच रवतलंय. परत ह्या उंबऱ्याक पाय लावचंय नाय. मगे बघ तुका कोण आसा ता."

आईनं घागर उचलली आणि ती आत गेली. त्या रात्री तिनं मला वाढलं, पण ती स्वतः जेवली की नाही हे मी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सोप्यावर बसून होतो. मावशी नवा फ्रॉक घालून पहिलं ताट घेऊन निघाली. पहिल्या घरच्या बाईनं दारातूनच हात जोडले, "आमका सुतक आसा गो." दुसऱ्या घरी उपास निघाला. तिसऱ्या घरी पोरांची पोटं बिघडलेली होती.

"काय गो," मावशीचा आवाज आमच्या अंगणापर्यंत आला, "सगळ्या वाड्याक एकाच दिसा रोग इलो?"

चौथ्या घरात म्हातारा सासरा होता. त्याला सबब शोधत बसायची सवय नव्हती. तो आतूनच ओरडला, "चरबीतला आमी खानव नाय. भायरच्या भायर व्हर ता."

तवाल्याला कुणी हातसुद्धा लावला नव्हता. एकीनं जरी तो कोपरा उचलला असता, तरी खाली आईची मुरड दिसली असती.

मावशी तिथून सरळ आमच्याकडं आली. मला वाटलं होतं ती रडत येईल. ती जवळजवळ हसत आली. तिच्या लेखी ही गोष्ट आता मिटल्यातच जमा होती.

"आयकलंस काय गो?" ती अंगणातूनच आईला म्हणाली. "चरबी म्हणतत! तुझी खोबरेलाची बाटली रिकामी जाली ती काय माझ्या डुकराक लायलंस? चल, भायर ये. सांग तेंका."

तिच्या मागं वाटेवर तिठ्यावरचे पोरगे येऊन उभे राहिले होते. शेजारच्या दारांत बायका होत्या. आई आतून उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली. मावशीनं तवालो काढला, एक नेवरी उचलली आणि आईच्या तोंडासमोर धरली.

"ही मुरड कोणाची ती सांग. इतक्याच सांग."

आईनं नेवरीकडं पाहिलं नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी वाटेवरच्या पोरांकडं पाहत राहिलो.

"माका काय म्हायत नाय," आई म्हणाली.

मावशीला आधी ते नीट ऐकू आलं नसावं, कारण ती हसतच होती. मग तिचा चेहरा हळूहळू बदलला. तिनं नेवरी जागेवर ठेवली, तवालो पुन्हा नीट घातला, चारी कोपरे ओढून सारखे केले. "बरा," एवढंच म्हणाली आणि गेली.

थोड्या वेळानं तिच्या घरामागून डुकरांचा आवाज आला. ती एकेक ताट नेऊन खोपीत ओतत होती. वाटेवरचा एक पोरगा म्हणाला, "डुकराचा डुकराक गेला." सगळे हसले. मीही हसलो. माझं हसणं आत चुलीपाशी बसलेल्या आईपर्यंत गेलं असणार, कारण आमच्या घरात दोन खोल्यांमध्ये दारच नव्हतं.

पुढच्या नाताळात आमच्या मागच्या दारी कुणी रवा घेऊन आलं नाही. मधल्या चतुर्थीला आईनं मला न सांगता ताट भरलं आणि स्वतः घेऊन गेली होती. मावशीनं दार उघडलं नाही. जनेलाची झडप किलकिली करून म्हणाली, "व्हर ता परत. आमच्या घरात चरबी आसा. तुमचा ताट बाटतला." आई भरलं ताट घेऊन परत आली आणि त्यातले मोदक तिनं मला वाढले. मी ते खाल्ले.

तोवर कोंकणी राजभाषा झाली होती, मराठीलाही जागा मिळाली होती, गोवा घटकराज्य झालं होतं. तिठ्यावरचे तेच पोरगे ख्रिस्ती कंत्राटदारांकडं ट्रक चालवू लागले, नाताळात त्यांच्या घरी जाऊन जेवू लागले, आणि चरबीबिरबी त्यांच्या बोलण्यातून गेली. मी डिचोलीत पक्का झालो, लग्न केलं, आईलाही तिकडं नेऊ पाहिलं. ती आली नाही. दोघी समोरासमोरच्या घरांत एकमेकींशी न बोलता राहिल्या. पाणंदीत गाठ पडली तर एक जण कुंपणाकडं सरकायची.

शेवटच्या आजारात आई अंथरुणावर असताना एकदा म्हणाली, "ती येयत काय रे?" कोण, असं मी विचारलं नाही. "येयत," म्हणालो. समोरच्या घरी जाऊन एक वाक्य बोललो असतो तर ती आली असती. मी गेलो नाही. एवढ्या वर्षांनंतर उगाच कशाला, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे बायकोला हे सगळं कळेल याची मला लाज वाटत होती. आई गेली. तिला बाहेर काढलं तेव्हा समोरचं जनेल बंद होतं.

गेल्या नाताळाच्या आधी कळलं की मावशीची मुलगी तिला कायमची बारदेशात घेऊन जाणार आहे. मी गेलो तो धीर आला म्हणून नव्हे. ती गेल्यावर सांगायला कुणी उरणार नाही, या भीतीनं गेलो.

ती बाल्कांवावर बसली होती. डोळे जवळजवळ गेलेले.

"कोण ता?"

"मी."

"मी म्हणजे कोण? यमव येयत तेव्हा मीच म्हणतलो."

मी समोरच्या घरचा म्हणून ओळख दिली. मी उभ्यानंच घडाघडा सांगून टाकलं, की ती चरबीची गजाल मी उठवली होती.

"ता माका त्याच दिसा कळला," ती म्हणाली. "सगळ्या वाड्याक म्हायत होता. तू पोरगो होतंस. पोरगे भुकतत. ताच सांगूक इलंस?"

इतकी वर्षं जे ओझं म्हणून वाहिलं ते तिच्या लेखी काहीच नव्हतं. मला परत फिरता आलं असतं. खरं सांगतो, तसं मनातही आलं.

तेव्हा तिनं विचारलं, "तुझ्या आवशीन माका कित्याक तसा सांगल्यान? मी तिचा काय वायट केलंलंय?"

तेव्हासुद्धा क्षणभर वाटलं, म्हणावं, आई घाबरली होती. पण मग सांगितलं. विहिरीवरून आलेली आई, परत घे म्हणाली ते, मी दिलेली धमकी, उंबऱ्यावर तिनं माझ्याकडं पाहिलं ते. शेवटच्या आजारात तिनं विचारलं होतं, तेही.

मावशीनं तोंड समोरच्या घराकडं वळवलं. मग म्हणाली, "मी तिच्या मरणाक गेलंय नाय. जनेल लावन बसलंय. माका वाटला, तिका माझी चाड नाय. आता ता कोण परत करतलो? तू?"

"मावशी, माझी चूक जाली," मी म्हणालो.

"मोठ्यान सांग. हळू बोललेला माका आयकाक येना."

तिला नीट ऐकू येत होतं. शेजारच्या अंगणात माणसं होती, वाटेवरून कुणी जात होतं, ते थांबले. मी बाल्कांवाच्या पायरीवर उभा राहून ओरडून सांगितलं, "मावशी, आवस आपल्या मनान फट बोलाक नाय होती. मी तिका बोलाक लायलंय. तुझी सोबतीण मी तुझ्याकडसून तोडलंय. तिचो काय एक गुन्याव नाय. चूक माझी. माका माफ कर."