नातीला पहिल्यांदा उचललं तेव्हा

चहा घ्या आधी. आणि एक कबूल करा, गोष्ट संपेपर्यंत कुणी हसायचं नाही. असा गाढवपणा मी जन्मात केला नव्हता, आणि मी काही कमी गाढवपणे केलेले नाहीत!

तुम्हाला माझी ख्याती माहीत असेलच. माझ्या हातात आलेली वस्तू गडगडत जाते. लिंबू, बटाटा, पेन, लाडू, काहीही द्या. एकदा गॅसचा रिकामा सिलिंडर मी मोठ्या ऐटीत तिरपा करून बुडाच्या कडेवर फिरवत नेत होतो. आमच्या सोसायटीच्या गेटपासून रस्त्यापर्यंत उतार आहे. तिथे तो असा सुटला की समोरचा रिक्षावाला रिक्षा तिथेच टाकून पळाला!

एकदा एका घरी समाचाराला गेलो होतो. मुलीने दिलेला चिवड्याचा डबा पुढे दुसरीकडे पोचवायचा होता, म्हणून तो हातात होता. डब्याचं झाकण हातातून सुटलं आणि हॉलभर गोल गोल फिरत बसलं. थांबेचना! रडणारी माणसं रडायची थांबून झाकणाकडे बघायला लागली.

पनवेलच्या बाजारातून कलिंगड आणलं, तर पिशवीचा बंद तुटून ते थेट आमच्या बिल्डिंगखालच्या चपलांच्या दुकानात शिरलं. दुकानाचे मालक सलीमभाई गल्ल्यावरून उठून म्हणाले, "आओ जनाब, याच्या पायात कुठला नंबर बसतो?" तेव्हापासून आमची दोस्ती. आणि गंमत बघा, जिला खरोखरची चाकं असतात ती प्रवासाची बॅग मात्र मी धरली की जागची हलत नाही.

असो. तर मला नात झाली.

मृणाल, माझी एकुलती एक लेक, पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आली होती. हॉस्पिटलात नर्स बाळाला घेऊन बाहेर आली, म्हणाली, "आजोबा कोण?" मी दोन्ही हात पुढे केले. तेवढ्यात मधूनच आमच्या कुसुमने, म्हणजे बायकोने, बाळ अलगद उचलून घेतलं.

"तुम्ही नाही. तुम्ही लांबून बघा."

"अगं, मी आजोबा आहे तिचा!"

"म्हणूनच. मान धरली की देईन."

मान धरायला तीन महिने लागतात हो! तोवर मी काय करायचं? बारा दिवस मी त्या पोरीला खुर्चीत बसून बघत होतो. शेजारच्या काकूंनी घेतली, इस्त्रीवाल्याच्या बायकोने घेतली, पोलिओचे थेंब पाजायला आलेल्या ताईंनीसुद्धा घेतली. मी मात्र नुसता "जरा उजवीकडे वळवा, नाक दिसत नाहीये" असं म्हणत होतो. दुपारी सगळे झोपले की उशी घेऊन सराव करायचो. वाईट वाटत होतं मला. तुमच्यापाशी काय लपवायचं, एकदा तर उशी छातीशी धरून डोळ्यांत पाणीही आलं होतं.

बाराव्या दिवशी बारसं. मृणालच्या सासरची मंडळी ठाण्याहून यायची होती. कुसुमची थोरली बहीण वत्सलाताई गव्हाण गावाहून सकाळीच मोठं बोचकं घेऊन दाखल झाली. घरात पंचवीस बायका. फुलांनी सजवलेला पाळणा, घुगऱ्यांचा वास, कुणाची तरी सेफ्टी पिन हरवलेली. मला काम काय? गच्चीवर खुर्च्या मांडा आणि खाली येऊ नका.

आता पुरुषमंडळींनो, तुम्हीच सांगा. आयुष्यात बारशाला आपण किती वेळा गेलो? पुष्कळदा. पण पाळण्याजवळ कधी गेलोय? आपण बाहेर बसून जेवायला कधी वाढतात याची वाट बघतो. आत बायकांचं काय चालतं याचा आपल्याला पत्ता नसतो. तसा मलाही नव्हता. आणि ज्या बायका आत्ताच पदर तोंडाला लावून हसताहेत, त्यांनी कृपा करून गप्प बसावं.

तर मी खुर्च्या पुसायला फडकं शोधत आतल्या खोलीत आलो. खोलीत चिटपाखरू नाही. आणि पलंगावर, दोन उशांच्या मधे, दुपट्यात गुंडाळलेली माझी नात!

डोक्याला नवं जरीचं टोपडं. दृष्ट लागू नये म्हणून दुपट्याचं टोक तोंडावर ओढलेलं. हालचाल नाही, आवाज नाही. गाढ झोपलेली. शेजारच्या खोलीत मृणालशी कुणीतरी बोलत होतं, स्वयंपाकघरात कुसुमचा आवाज चढला होता. मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. बारा दिवसांत पहिल्यांदा आम्ही दोघंच होतो.

मी उचललं तिला.

उशीवरचा सगळा सराव कामाला आला. डावा हात मानेखाली, उजवा खालून. आणि वजन! हॉस्पिटलात पावणेतीन किलो म्हणाले होते, ही तर सहज चार भरेल. बारा दिवसांत केवढं बाळसं धरलं पोरीने! अंग कसं घट्ट, मान तर एकदम ताठ. तीन महिने कशाला, हिने आजच मान धरली होती. कुसुमला अजून कुणी सांगितलं नसेल, असं मला वाटलं.

"बाळा," मी हळूच म्हणालो, "मी आजोबा. बाहेर माझ्याबद्दल काही ऐकलं असशील तर त्यातलं निम्मंच खरं आहे."

तिने शांतपणे ऐकून घेतलं. माझ्या घरात माझं इतकं शांतपणे कुणी ऐकत नाही.

तेवढ्यात बाहेरून कुसुम ओरडली, "अगं, पाळण्याच्या दोऱ्या कुणी आवळल्या?" पावलं खोलीकडेच येत होती. खरं तर बाळ पलंगावर ठेवायचं आणि फडकं घेऊन बाजूला व्हायचं, एवढंच करायचं होतं. पण मन होईना हो. दोनच मिनिटं मिळाली होती. मी मागच्या दाराने जिन्यात आलो आणि एकेक पायरी जपून उतरत खाली पोचलो.

सलीमभाई दुकानाच्या दारात उभे होते. मला बघून त्यांच्या हातातला बूट खाली पडला.

"भाईजान! भाभींनी दिली तुमच्याकडे?"

"दिली म्हणजे काय? नात आहे माझी."

"माशाअल्लाह! झोपलीय ना? राहू द्या, तोंड उघडू नका, नजर लागंल. किती शरीफ पोर आहे, रडत बिलकूल नाही."

"आमच्याकडचं वळण आहे," मी म्हणालो. माझी छाती फुगली होती. ऊन लागेल म्हणून मी सावलीकडे वळलो, आणि पायातली स्लिपर त्या मेल्या उतारावर सटकली.

मी पडलो नाही. मी सावरलो. पण हात रिकामे होते.

दुपटं आधी सुटलं. आतलं धड गडगडत निघालं. उतारावरून, टोपड्यासकट, खड्यांवरून ठाण् ठाण् आवाज करत. आता माणूस शुद्धीवर असता तर म्हणाला असता, बाळ पडल्यावर ठाण् असा आवाज येतो का? पण मी कुठे शुद्धीवर होतो! माझ्या तोंडून जी किंकाळी फुटली ती थेट एसटी स्टँडपर्यंत गेली असेल. मी धावलो. धावलो कसला, गडगडलोच. गुडघे फुटले, कोपर सोलवटलं, सदरा फाटला. रस्त्याच्या दोन हात अलीकडे मी पालथा पडून ते गाठोडं पोटाखाली घेतलं आणि तसाच आवळून बसलो. डोळे उघडायची हिंमत होईना.

वर गॅलरीत पंचवीस बायका जमल्या.

"अहो! काय झालं?" कुसुम ओरडली.

"कुसुम, माझ्या हातातून पडलं गं!"

"अगं बाई!" वत्सलाताईचा आवाज. "फुटलं का?"

"काय बोलताय ताई!" मला हुंदका आवरेना.

"नीट बगा. टवका तर नाय ना उडाला? आमचे सासूच्या वेलचा हाय तो!"

सासूच्या वेळचा? मी डोळे उघडले. छातीशी काय आहे ते पाहिलं. जरीच्या टोपड्यातून काळाकुळकुळीत, गुळगुळीत दगड माझ्याकडे बघत होता.

वरवंटा!

आता हसणाऱ्या बायका सांगतीलच, तरी मीच सांगतो. बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा घालतात. त्याला न्हाऊमाखू घालून, टोपडं चढवून, दुपट्यात गुंडाळतात आणि पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींच्या हातात देतात. बाळाला दगडासारखं मजबूत आयुष्य लाभावं म्हणून. मला बासष्टाव्या वर्षी हे कळलं! आणि पनवेलच्या फ्लॅटांत आता सगळीकडे मिक्सर, म्हणून वत्सलाताईने तो बोचक्यातून गव्हाणहून आणला होता. खरी नात त्या वेळी शेजारच्या खोलीत आईजवळ दूध पीत होती.

सलीमभाईंनी मला धरून वर आणलं. पंचवीस बायकांसमोर फाटक्या सदऱ्यात मी उभा. ठाण्याच्या विहीणबाई तेवढ्यात पोचल्या होत्या, त्यांचा पदर तोंडावरून खाली येत नव्हता. वत्सलाताईने वरवंटा हातात घेऊन चारी बाजूंनी तपासला. "नाय, काय नाय झाला त्याला. तुमचेच गुडगे फुटले."

कुसुम हळद घेऊन आली. चेहरा लाल. "बघितलंत? म्हणूनच मी म्हणत होते. आता पोर शाळेत जाईपर्यंत हात लावायचा नाही!"

मी मान खाली घातली. ती चुकीचं काय बोलत होती? दगड होता म्हणून निभावलं. मला स्वतःचीच भीती वाटत होती.

"आई, थांब." मृणाल दारात उभी होती, छातीशी बाळ. "मी खिडकीतून सगळं बघितलं. बाबांना वाटलं ती पडली, तर त्यांनी स्वतःला झोकून द्यायला मागेपुढे पाहिलं नाही. एवढा जीव टाकणारा माणूस बारा दिवस लांब बसलाय. बाबा, खाली सतरंजीवर बसा. मांडी घाला."

"अगं पण..." कुसुम म्हणाली.

"तुझा हात खाली धर हवा तर."

मी बसलो. दोन्ही बाजूंना उशा, खाली कुसुमचा हात, समोर पंचवीस बायका श्वास रोखून. मृणालने तिला माझ्या मांडीवर ठेवलं. हलकी, ऊबदार, मऊ. मान लुळी. तिने एक जांभई दिली आणि माझं बोट मुठीत धरलं. अहो, मी सोडलं असतं तरी तिने सोडलं नसतं! हळूहळू कुसुमने खालचा हात काढून घेतला. कुणाला न दाखवता. मला मात्र कळलं. तेवढ्यात गुडघ्यांची आग कुठे पळाली कोण जाणे.

त्या संध्याकाळी मी जरा निवांत होऊन फोन उघडला. सोसायटीच्या ग्रुपवर एकशे चाळीस मेसेज. सलीमभाईंनी दुपारी मी खाली आल्या आल्या गुपचूप एक फोटो काढून टाकला होता. मी दुपट्यातल्या वरवंट्याकडे प्रेमाने बघतोय, तोंडावरचं दुपटं जरा सरकलेलं, आणि आम्हा दोघांच्याही लक्षात न आलेला आतला काळा दगड स्पष्ट दिसतोय. आणि खाली एकजात सगळ्यांचं एकच मत.

"अभिनंदन! अगदी आजोबांवर गेलीय!"