संघटनेची शाल

वर्तमानपत्रवाल्यांच्या देशपातळीवरच्या संघटनेचं नाव निघालं की मला आजही शिसारी येते. जालन्यात साप्ताहिक चालवायचो तेव्हा मीही तिचा सभासद होतो. कागदाचा कोटा, सरकारी जाहिराती, टपालाची सवलत, यासाठी दिल्लीत कुणीतरी भांडायला पाहिजेच. ते बराबर भांडायचे. मालकांच्या कामापुरतं.

आमचा तीर्थपुरीचा वार्ताहर शेती करून बातम्या पाठवायचा. पाकीट एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायचा, मी स्टँडवर जाऊन घ्यायचो. एका वर्षी त्याच्या भागात पेरलेली सरकी उगवलीच नाही. त्यानं बियाणं कंपनीचं नाव घेऊन बातमी दिली, मी पहिल्या पानावर छापली. आठवडी बाजारातून परतताना काही लोकांनी त्याला अडवलं आणि पाय मोडला. 'कंपनीबद्दल परत लिहिशील का' असं विचारत मारलं. एवढं होऊन पोलीस गुन्हा नोंदवत नव्हते.

त्याच सुमारास संघटनेचं अधिवेशन जालन्यात भरलं. मी त्याला म्हणालो, "दिल्लीच्या अध्यक्षासमोर निषेधाचा ठराव घेऊ. मंग बघतो गुन्हा कसा नोंदवत न्हाईत." प्लास्टरसकट त्याला टेम्पोत घालून आणलं.

मंडप त्याच बियाणं कंपनीचा, जेवणही कंपनीचं. मुकाट ठरावाचा कागद घेऊन मी जिल्ह्याच्या पदाधिकाऱ्याकडे गेलो. जिलबी चघळत तो म्हणाला, "संघटना वर्तमानपत्रांची आहे साहेब, वार्ताहरांची न्हाई. ते कुठं आपले सभासद?" बोटांचा पाक त्यानं माझ्याच कागदाला पुसला. बातमी आणेपर्यंत आपला, मार खाल्ला की परका. कामापुरता मामा म्हणतात तो हाच. तिथंच त्याच्या ताटात थुंकावंसं वाटलं.

जेवणानंतर अचानक माईकवरून आमच्या वार्ताहराचं नाव पुकारलं. ग्रामीण पत्रकार म्हणून सत्कार! त्याला वाटलं, ठरावच आला. दोघांनी धरून त्याला स्टेजवर चढवलं. शाल घालायला खुद्द कंपनीचा मालक उभा राहिला. त्यानं शाल घातली, नारळ दिला, वर गळाभेट घेतली. दिल्लीचा अध्यक्ष टाळ्या वाजवत होता. मी खालून ओरडत राहिलो, पण त्या गलक्यात कोण ऐकतो? फोटो निघाले. त्या निर्लज्जांनी सगळं आधीच ठरवलं होतं.

शाल घालणारा कोण होता, हे त्याला सांगायची माझी हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पोलीस ठाण्यात गेलो. साहेबानं एक दैनिक आमच्यासमोर सरकवलं. "तुमचं तर मिटलं की आपसात. आता गुन्हा कशाचा लावू?"

फोटोत गळाभेट होती. खाली मालकाचं नाव, हुद्दा. वार्ताहरानं ते बोट ठेवून वाचलं. कालच्या आधी या माणसाला त्यानं आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. मंग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला,

"ह्योच व्हय त्यो? मी तर त्याच्या पाया पडल्तो."